हार्टवेलचा वाटा

हार्टवेल टाउनशिप, मिशिगन
रविवार, १३ एप्रिल १९८६

उत्तरा नरेंद्र मोघे,

नावामागे काय लावावे हे ठरले नाही, म्हणून काहीच लावलेले नाही. ‘सौ.’ लिहिताना हात अडतो आणि ‘कै.’ लिहिण्यास मन धजत नाही. पत्रलेखनाच्या ज्या शिस्तीत मी वाढलो, तीत अशा पत्राचा मायना सांगितलेला नाही.

तू गेलीस त्याला दोन महिने झाले. घर व्यवस्थित आहे. लान्सिंगच्या कार्यालयात मी फेब्रुवारीअखेर पुन्हा रुजू झालो. आपली दीपा दर रविवारी बेलव्ह्यूहून फोन करते आणि मी जेवलो का, हे इंग्रजीत विचारते. मी जेवलो असे मराठीत सांगतो.

लिहिण्याचे कारण किल्ल्यांचे आहे. शाळेच्या किल्ल्या अद्याप माझ्याकडे आहेत. त्या इमारतीत शाळा भरणे साठ वर्षांपूर्वीच थांबले आणि कागदोपत्री ते ज्येष्ठ नागरिकांचे केंद्र आहे. पण तू पहिल्या दिवसापासून तिला शाळाच म्हणालीस, म्हणून मीही तसेच लिहितो. टाउनशिपच्या क्लार्कबाईंनी सौजन्याने दोनदा चिठ्ठी पाठवली: सवडीने आणून द्याव्यात, घाई नाही. ग्रंथालयाचे पुस्तक मी मुदतीच्या आदल्या दिवशी परत करतो, हे तुला ठाऊक आहे. या किल्ल्या मात्र टेबलाच्या खणात आहेत. एका किल्लीवर तू पांढरी चिकटपट्टी लावून ‘मागचे दार’ असे लिहिले आहेस. पुढच्या दाराच्या किल्लीवर काही नाही. ती तुला न लिहिताच ओळखू येत असावी.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. वॉशिंग्टनने आपली तूट कमी करण्यासाठी गावांना आणि टाउनशिपांना द्यावयाचा महसुलाचा वाटा सप्टेंबरअखेर कायमचा थांबवण्याचे ठरवले आहे. राज्यांचा वाटा तर १९८० सालीच थांबला. ते भोक बुजवताना आमच्या राज्याची काय अवस्था झाली, हे तू घरी बसून पाहिले आहेस. तुझ्या शाळेचे दुपारचे जेवण, तिचे गरम पाणी, म्हाताऱ्यांना घरून आणणारी व्हॅन, सारे त्या वाट्यावर चालते. ज्या टाउनशिपांना हा खड्डा झेपणार नाही अशा थोड्यांना राज्याने एका वर्षापुरता आधार द्यावा, असा विचार आहे. त्या कोणत्या, हे ठरवणारे टिपण आमच्या विभागाकडून मागवले आहे आणि त्यात हार्टवेलची फाइल माझ्या टेबलावर आली आहे.

ती मी उघडलेली नाही. उघडावी की नाही, हे विचारण्यासारखे माणूस या घरात आता नाही.

नरेंद्र

—

हार्टवेल टाउनशिप
२० एप्रिल १९८६

चि. श्रीरंग यास अनेक आशीर्वाद.

तू वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्पाच्या कामात आहेस, म्हणून एक विचारणा करतो. वर्तमानपत्रातून जे जाहीर झाले आहे तेवढेच विचारतो. कार्यालयातील कोणतीही आतली गोष्ट कृपया लिहू नये. टाउनशिपांचा महसूल-वाटा सप्टेंबरनंतर पुन्हा चालू होण्याची काही शक्यता शिल्लक आहे काय? तुझ्या ताईची शाळा, म्हणजे हार्टवेलचे केंद्र, त्याच पैशावर चालते. गेली अकरा वर्षे ते तिने चालवले.

राज्याच्या आधारासाठी जे टिपण तयार होत आहे, त्यातील हार्टवेलची फाइल मजकडे आली होती. मी ती लेखी कारण देऊन डेनिस नावाच्या सहकाऱ्याकडे सुपूर्द केली. ज्या केंद्राशी माझ्या पत्नीचे नाव जोडलेले आहे, त्याविषयी मी शिफारस करणे योग्य नव्हे. डेनिस अभ्यासू आहे. आकडे पाहून तो काय ते ठरवील.

तुझी प्रकृती बरी असावी.

नरेंद्र

—

रॉकव्हिल, मेरीलँड
२ मे १९८६

ती. भावोजींस, सा. न.

पत्र पोचलं. तुमचं पत्र आलं की मला वाटतं, खाली सही करून एक प्रत परत पाठवायची आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शक्यता नाही. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांची सहीसुद्धा झाली. डिसेंबरात कायदा झालाय ना, की तूट दर वर्षी ठरलेल्या आकड्यापर्यंत खाली आलीच पाहिजे, नाही आली तर कात्री आपोआप चालेल. आपोआप म्हणजे कोणी कोणाचं नाव न घेता. हा वाटा त्या कात्रीची वाट न बघताच गेला. आमच्या मजल्यावर जोक चालतो: वाटायला महसूल उरलाय कुठे, तूट वाटू का? आमच्याकडे हा सगळा कार्यक्रम एका ओळीत मावतो, भावोजी. त्या ओळीत शाळा दिसत नाही.

आपल्या घरात गंमतच झालीय. मी केंद्राचा, तुम्ही राज्याचे, ताई टाउनशिपची. तीन सरकारं एका कुटुंबात, आणि माणसांना गरम जेवण कोण वाढत होतं, तर सगळ्यांत खालचं.

आता माझं ऐका. फाइल डेनिसकडे दिलीत ती परत घ्या. ताई गेली. तुम्हाला त्या केंद्रातून ना पगार, ना मान, ना सूप. तुमचा हितसंबंध कोणाशी आहे? तुम्ही त्या टाउनशिपमध्ये राहता, तिथं काय चाललंय ते तुम्हाला दिसतं. डेनिसला लान्सिंगमध्ये बसून काय दिसणार? मलाही ‘अशा लहान टाउनशिपची उदाहरणं द्या’ असं गेल्या वर्षी विचारलं होतं. हार्टवेल ओठांवर आलं होतं. म्हटलं, बहिणीच्या कामाचं नाव ऑफिसात कसं घ्यायचं? गिळलं. तेव्हा मी तुम्हाला शिकवायला लायक नाही, पण सांगतोय.

आम्ही अण्णांची मुलं. नागपूरला अण्णा हेडमास्तर. स्वतःच्या मुलीचे पेपर स्वतःच्या शाळेत तपासले जाऊ नयेत म्हणून ताईला पलीकडच्या शाळेत घातलं. धरमपेठेतून उन्हात चालत जायची बिचारी. सगळे म्हणायचे, काय तत्त्वाचा माणूस! पायाला फोड ताईच्या.

फाइल परत घ्या. का, ते याहून जास्त मला आत्ता लिहिता येत नाही. शब्द दिलाय कोणाला तरी.

तुमचा,
श्रीरंग

—

हार्टवेल टाउनशिप
१२ मे १९८६

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यातील कळकळ समजली. सल्ला स्वीकारता येत नाही.

हितसंबंध कोणाशी, असे तू विचारतोस. त्या इमारतीच्या किल्ल्या आजही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. मागणी होऊनही मी त्या परत केलेल्या नाहीत. ज्याच्या घरात त्या जागेच्या किल्ल्या आहेत, त्याने आपण त्या जागेपासून अलिप्त आहोत असे म्हणू नये. किल्ल्या परत करून मग फाइल का घेत नाही, असे तू विचारशील. परत करायला मी दोनदा निघालो. एकदा टाउनशिपच्या वाहनतळापर्यंत गेलोही. पुढचे लिहीत नाही.

मी त्या केंद्राशी किती काटेकोरपणे वागलो, हे तुला बहुधा ठाऊक नसेल. टाउनशिपांचे हिशेब आमच्या खात्याकडे तपासणीस येतात. म्हणून तुझ्या ताईला नेण्यास जात असे तेव्हा मी बाहेर गाडीतच थांबत असे. हिवाळ्यातही. आतून कोणी कॉफीचा पेला घेऊन आले, तर काच खाली करून आभार मानून नाकारीत असे. तिथल्या म्हाताऱ्यांनी माझे नाव ‘मिस्टर कार’ ठेवले होते, असे ती हसत सांगे.

एक गोष्ट मला नेहमी सलत आली. उत्तराने त्या कामाविषयी माझ्याकडे कधी शब्द टाकला नाही. छप्पर गळले, व्हॅन बंद पडली, सारे मला इतरांकडून कळे. जेवताना विचारले तर ‘चाललंय’ म्हणे आणि वाढू लागे. आकड्यांच्या माणसाशी माणसांचे काय बोलायचे, असे तिला वाटत असावे. शेवटच्या आजारातही तिने शाळेचे नाव काढले नाही. तेव्हा तिने न मागितलेले मी तिच्या पश्चात स्वतःहून द्यावे, यात मला औचित्य दिसत नाही.

कोणाला दिलेला शब्द मोडण्यास मी तुला सांगणार नाही.

नरेंद्र

—

हार्टवेल टाउनशिप
८ जुलै १९८६

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

यादी प्रसिद्ध झाली. हार्टवेलचे नाव तीत नाही.

डेनिसने मालमत्तेचे गेल्या वर्षीचे करपात्र मूल्य धरले. त्यात मोटारींच्या स्प्रिंगा बनवणारा येथील कारखाना पूर्ण किमतीने मोजलेला आहे. कागदाप्रमाणे तो बरोबर आहे. कारखाना जूनअखेर बंद झाला. यंत्रे ट्रकवर चढवून नेताना मी रोज कार्यालयात जाता-येता पाहत होतो. मार्चपासून फाटकावर तो बंद होणार अशी पाटी होती.

टाउनशिपची जाहीर सुनावणी सप्टेंबरात आहे. शाळा बंद करण्याचा ठराव तीत येईल.

नरेंद्र

—

रॉकव्हिल
२० जुलै १९८६

भावोजी,

मायना-बियना राहू द्या आज.

पाटी मार्चपासून होती! आणि तुम्ही डेनिसला एक शब्द सांगितला नाहीत. ट्रक बघत बघत लान्सिंगला गेलात आणि ट्रक बघत बघत परत आलात.

आता यादी लागली, म्हणजे माझा शब्द सुटला. तो ताईला दिला होता. जानेवारीत मी हॉस्पिटलमध्ये आलो होतो, तुम्ही खाली गाडी पार्क करायला गेला होतात. मी तिला म्हटलं, ताई, हा पैसा बहुतेक जाणार, भावोजींना सांग, राज्याकडून काही झालं तर त्यांच्याच टेबलावरून होईल. ती उशीवर उठून बसली. म्हणाली, “यांना सांगू नकोस. मी शब्द टाकला की हे फाइल बाजूला ठेवतील. अकरा वर्षं मी घरात शाळेचं नाव काढलं नाही ते कशासाठी? उद्या कधी गरज लागली तर यांचा हात मोकळा राहावा म्हणून. मला मेहेरबानी नकोय श्रीरंग, फाइल नीट वाचणारा माणूस हवाय, आणि तसा माणूस त्या ऑफिसात एकच आहे. अण्णांच्या तत्त्वापायी एकदा उन्हात चालले, पुरे झालं.” मग मला शपथ घातली: ते काम संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

तेवढ्यात तुम्ही पार्किंगचं तिकीट खिशात घालत आत आलात. ती लगेच म्हणाली, “बाहेर बर्फ आहे का हो?”

मी मे महिन्यात शपथ मोडायला हवी होती. मोडली नाही. अण्णांचा मुलगा. पण तुम्ही तर नुसते जावई होता ना!

श्रीरंग

—

हार्टवेल टाउनशिप
३ ऑगस्ट १९८६

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. उत्तर दोनदा लिहून फाडले. तू मे महिन्यात लिहायला हवे होतेस, असे मी लिहिणार नाही. पाटी मी वाचली होती, तू नाही.

ती काही मागत नाही याचा अर्थ तिला काही नको, असा मी घेतला. कार्यालयात मी कोणाही टाउनशिपच्या बाबतीत असा अर्थ घेतला नसता. तेथे अर्ज आला नाही, तर पत्र पाठवून कारण विचारण्याची पद्धत आहे.

एकच विचारतो. बर्फ आहे का, असे तिने विचारले, तेव्हा मी काय उत्तर दिले? मला आठवत नाही.

नरेंद्र

—

रॉकव्हिल
९ ऑगस्ट १९८६

ती. भावोजींस, सा. न.

तुम्ही म्हणालात, “आहे. पण रस्ता साफ केला आहे.”

त्यावर ती हसली. मला वाटतं, समाधानानं हसली. मागचं पत्र रागात लिहिलं, माफ करा.

सुनावणीत कोणीही बोलू शकतं ना? रहिवासी म्हणून?

श्रीरंग

—

हार्टवेल टाउनशिप
२१ सप्टेंबर १९८६

चि. श्रीरंग यास अनेक आशीर्वाद.

सुनावणी गुरुवारी झाली. वृत्तांत देतो.

प्रथम मी माझ्या वरिष्ठांना लेखी विचारले की, या खात्याच्या अधिकाऱ्याने आपल्या टाउनशिपच्या सुनावणीत रहिवासी म्हणून बोलण्यास काही प्रत्यवाय आहे काय. त्यांनी मला आत बोलावले. कागद हातात धरून ते म्हणाले, “नरेंद्र, इट्स युअर ओन टाउनशिप. यात विचारायचं काय?” मग त्यांनी माझी एप्रिलमधील चिठ्ठीही काढली आणि म्हणाले, फाइल सोडलीस ते ठीक होते, कोणी मागितले नव्हते तरी ठीक होते, पण कारखान्याचे डेनिसला तोंडी सांगायला काय हरकत होती? जाहीर गोष्ट होती ती. मी म्हणालो, माझ्या समजुतीप्रमाणे हरकत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. श्रीरंग, ज्या नियमासाठी मी गप्प राहिलो, तो नियम कोठेही लिहिलेला नव्हता.

सुनावणी टाउनशिपच्या सभागृहात होती. पाच सभासद समोर, आम्ही घडीच्या खुर्च्यांवर. मी मागच्या रांगेकडे निघालो, तोच पुढून मोठ्याने आवाज आला:

“ओहो, मिस्टर कार! आज गाडीला हीटर नाही वाटतं?”

या मिसेस कोवाल्स्की. वय ऐंशीच्या पुढे, पती त्याच कारखान्यात होते. शाळेत पहिल्या दिवसापासून जेवायला येणाऱ्या. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मला तेथे बसवले. म्हणाल्या, “उटारा सांगायची, माझा नवरा फार सरळ आहे. आम्ही म्हणायचो, सरळ आहे की गोठलाय?”

प्रत्येकास तीन मिनिटे होती. मी भाषण लिहून नेले होते. पहिले पान आकड्यांचे: कारखाना वगळता टाउनशिपचे उत्पन्न किती उरते, इमारतीचा खर्च किती, व्हॅनचा किती. ते मी वाचले. दुसऱ्या पानावर आलो आणि ते वाचवेना, म्हणून कागद खाली ठेवला. म्हणालो, “ही जागा माझी पत्नी चालवत असे. मी अकरा वर्षे बाहेर गाडीत बसलो. आत काय होते, ते मला या सभागृहातील कोणाहीपेक्षा कमी माहीत आहे. म्हणून मी फक्त आकडे सांगू शकतो.”

सभासदांत एक शेतकरी आहेत, उंच, कानावर हात ठेवून ऐकणारे. त्यांनी विचारले, “तुम्ही लान्सिंगचे ना? ती यादी तुम्हीच केलीत. आम्ही तिच्यात का नाही?”

“कारखाना बंद होणार, हे फाइलमध्ये नव्हते.”

“लान्सिंगमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते?”

“एकाला होते.”

“मग त्याने का नाही लिहिले?”

“त्याला वाटले, आपण लिहिणे बरे दिसणार नाही.”

“हू वॉज दॅट?”

“मी.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, पण वेळ संपल्याचे सांगितले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, “जीझस.” मिसेस कोवाल्स्कींनी वळून त्याला दटावले: “चूप. तो बोलतोय ना आता.”

निकाल असा. इमारत बंद करण्याचा ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. छप्पर आणि विमा, दोन्ही टाउनशिपला झेपणारे नाहीत; माझेच आकडे तसे सांगतात आणि मी ते बदलू शकत नव्हतो. परंतु व्हॅन विकण्याचे कलम त्या शेतकरी गृहस्थांनी वेगळे काढायला लावले. इमारत बंद केल्यावर वाचणाऱ्या पैशातून व्हॅन चालू शकते, हे त्यांनी माझ्या पहिल्या पानावरून वाचून दाखवले. ते पाचही मतांनी मान्य झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी व्हॅन म्हाताऱ्यांना ॲन आर्बरच्या केंद्रात जेवायला नेईल आणि परत आणील. ज्यांना लांबचा प्रवास सोसत नाही, त्यांची सोय झालेली नाही.

यादीत नाव असते, तर शाळा एक वर्ष तरी राहिली असती. हे मला नीट समजते.

शाळेचा शेवटचा दिवस मंगळवार, तारीख तीस. मिसेस कोवाल्स्कींनी मला जेवायला बोलावले आहे. मी होकार दिला. रजेचा अर्ज दिला आहे.

नरेंद्र

—

हार्टवेल टाउनशिप
मंगळवार, ३० सप्टेंबर १९८६

उत्तरा नरेंद्र मोघे,

आज मी आत गेलो.

खोली मला वाटत होती त्याहून लहान आहे. फळा अजून भिंतीवर आहे, आणि त्यावर कोणीतरी आजचे जेवण खडूने लिहिले होते. तू मला गाडीत बसलेला जिथून पाहत असशील, ती खिडकी स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच आहे. तिथून वाहनतळ पूर्ण दिसतो. हे मला माहीत नव्हते.

श्रीरंग सोमवारीच विमानाने आला. न कळवता आला, म्हणून विमानतळावर टॅक्सी करावी लागली आणि तिचे भाडे मी देऊ का, यावर आमचा वाद झाला. शाळेत शिरताच तो म्हणाला, “भावोजी, केंद्र सरकार उशिरा का होईना, पोचलं.” मिसेस कोवाल्स्कींनी विचारले, “हा कोण? हाही सरकारचाच का?” मी सांगितले, उत्तराचा धाकटा भाऊ, वॉशिंग्टनला असतो. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे पैसे बंद केलेस तो तूच. बस. वाढते.” श्रीरंग खरोखरच निमूट बसला. लहानपणी तुझ्यासमोर बसत असेल तसा.

तू दर गुरुवारी करायचीस ते पिवळे सूप त्यांनी आज मंगळवार असूनही केले होते. म्हणाल्या, गुरुवार आता येणार नाही. ते आपले वरण, हे मला पहिला चमचा तोंडात जाताच कळले. फोडणी नव्हती. फोडणीच्या जागी त्यांनी वरून शेपू चिरून घातला होता, त्यांच्या आईच्या पद्धतीने. “उटाराला चालायचे,” त्या म्हणाल्या. “ती म्हणायची, हे तुमचे आणि माझे मिळून झाले.” मीठ जरा जास्त होते. मी दोनदा घेतले. श्रीरंगाने तीनदा घेतले आणि रुमालात नाक शिंकरून शेपू तिखट असतो म्हणाला. तो तिखट नसतो.

कोणी भाषण केले नाही. एका गृहस्थांनी, ज्यांचे नाव मला कळले नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, हिवाळ्यात तू माझ्या गाडीकडे कॉफी पाठवायचीस आणि ती परत आली की ते स्वतः प्यायचे. अकरा हिवाळे त्यांनी माझी कॉफी प्यायली. मी त्यांना म्हणालो, बरे झाले, वाया गेली नाही.

दीपाचा सकाळी फोन आला होता. तिला सारे सांगितले, कारखान्याचेही. ती म्हणाली, “बाबा, डिड यू ईट?” मी म्हणालो, अजून नाही, आज शाळेत जेवणार आहे. त्यावर ती रडली, आणि तिने मराठीत विचारले, “आत?”

माझ्याकडून तू काही मागितले नाहीस, ते मी फाइल नीट वाचावी म्हणून, हे मला जुलैत कळले. मी ती वाचली नाही. ती वाचायची तर ज्या किल्ल्या आधी परत करायला हव्या होत्या, त्या मला सोडवेनात. व्हॅन राहिली आहे. शाळा राहिली नाही. यात कमीजास्त लिहिण्यासारखे काही नाही.

जेवणानंतर खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. श्रीरंगाने पातेली घासली. मिसेस कोवाल्स्की फळा पुसायला निघाल्या होत्या. मग त्यांनी तो तसाच ठेवला. शेवटची खेप व्हॅन घेऊन गेली. क्लार्कबाई टाउनशिपकडून आल्या होत्या. कुलूप मी लावावे, असे त्या म्हणाल्या. मी पुढचे दार लावले, मग इमारतीला वळसा घालून मागचे. मागच्या दाराचे कुलूप किल्ली थोडी वर उचलून फिरवल्याशिवाय लागत नाही. त्या किल्लीवर नाव का होते, हे तेव्हा समजले. ते तुझ्यासाठी नव्हते, तुझ्यानंतर येणाऱ्यासाठी होते.

क्लार्कबाईंनी जुडगा हातात घेऊन चिकटपट्टीवरची अक्षरे पाहिली आणि काय लिहिले आहे, असे विचारले. मी सांगितले. त्यांनी पट्टी काढली नाही. पेन घेऊन खाली इंग्रजीत लिहिले, आणि पोचपावती दिली.

दोन्ही दारांना कुलूप लावले. किल्ल्या परत केल्या.

नरेंद्र